जेरार्ड डोलन, गोत्र काश्यप

आमच्या घरात संशय आईकडून आला. ती पुण्यात ऑडिटर होती. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली तरी ती उलटी करून, दोरा सोडवून आत बघायची. "फुकट दिलीय ना, म्हणजे आत सडकी असणार," हे त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि निम्म्या वेळा ती खरंच सडकी निघायची. मी तिच्यावरच गेले. कोणी गोड बोललं की माझे कान उभे राहतात, कोणी गप्प बसलं की आणखीच. आता या वयातसुद्धा दारात पार्सल घेऊन आलेल्या पोराला मी आधी माझं नाव विचारते आणि मगच कडी काढते. या स्वभावापायी आयुष्यात दोन-चार चांगली माणसं दुरावली असतील, नाही म्हणत नाही. पण युट्रेख्टच्या त्या शेवटच्या वर्षात घरात जे घडलं ते या स्वभावामुळेच उजेडात आलं, म्हणून तेवढं लिहून ठेवते.

तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. जिना असा उभा की आमचा सोफा दोरानं खिडकीतून वर घ्यावा लागला होता. सकाळी खालच्या अंगणातून सायकलींच्या साखळ्यांचा खळखळाट यायचा, मग स्टेशनाकडे निघालेल्या लोकांच्या घंट्या, आणि त्यात आमच्या कुकरची शिट्टी. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या बाई ती शिट्टी ऐकून घाबरून वर आल्या होत्या. नंतर त्या आमच्या शिट्टीवर आपलं घड्याळ लावतात असं बाबा म्हणायचे. आम्ही तिथं राहत होतो ते बाबांच्या नोकरीच्या परवान्यावर. त्या वर्षी ऑफिसनं जाहीर केलं की पुढच्या उन्हाळ्यात युट्रेख्टची शाखा बंद. कायमचं राहू द्यायला सरकार सलग पाच वर्षं मागतं, आणि आमची तेवढी भरत नव्हती. आई रोज रॉटरडॅमला कामाला जायची, पण तिच्या पगारावर परवाना मिळत नव्हता. बाबा पन्नाशीला टेकलेले. मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि "कळवतो" एवढं ऐकून परत यायचे.

आणि मला परत जायचं नव्हतं. स्पष्टच सांगते. तेरा वर्षांची असताना मला पुण्यातून उपटून इथं आणलं. पहिली दोन वर्षं डच शिकण्यात, वर्गात तोंड मिटून बसण्यात गेली. आता कुठं माझ्या बोलण्यावर कोणी हसेनासं झालं होतं, शाळेचं शेवटचं वर्ष होतं, पुढं ग्रोनिंगनला जाऊन शिकायचं मी मनात ठरवून टाकलं होतं, आणि तेवढ्यात परत उपटायचं? माझा जळफळाट व्हायचा. रात्री आई-बाबांची कुजबुज थांबली की मी सकाळी दोघांचे चेहरे तपासायची, काही ठरलं का म्हणून.

अशात ऑगस्टमध्ये आबा आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आबा म्हणजे बाबांचे वडील. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पुण्यात ते एकटे असायचे. त्यांच्या बॅगेतून गोडा मसाला, मेतकूट, काळे तीळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दर्भ निघाले. विमानतळावर कस्टमवाल्यानं दर्भांचा वास घेऊन पाहिला म्हणे. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पाव करायला घेतला. हा पाव आमच्या घराण्याचा. यीस्ट नाही, फुगवत ठेवणं नाही. कणीक, मीठ, खायचा सोडा आणि वरून ताक. इथं सुपरमार्केटमध्ये ताकाला कार्नेमेल्क म्हणतात आणि ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून मिळतं, याचं आबांना फार कौतुक वाटलं. गोळा थापला की वरून सुरीनं फुली मारायची. लहानपणी मी विचारायची की फुली कशाला, तर आबा म्हणायचे, "आतली भुतं बाहेर पडायला. माझी आई सांगायची."

आबांची ही आई आयरिश होती. माझी पणजी, नोरा. मिरजेकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि तिथल्या मराठी डॉक्टरशी तिनं लग्न केलं. लग्नात तांदळात तिचं नाव नर्मदा लिहिलं. दोन्हीकडच्यांनी नाव टाकलं, त्यामुळे नातेवाईक म्हणून कोणी उरलंच नाही. बाबा दोन-तीन वर्षांचे असताना ती वारली. घरात तिच्या दोनच गोष्टी होत्या: हा पाव, आणि नर्सेस छातीवर उलटं लावतात ते चांदीचं घड्याळ. त्याच्या मागे कोरलेलं होतं, नोरा जेरार्ड डोलन. ते घड्याळ आबांच्या खिशात असायचं.

त्या दिवशी गरम पावाला लोणी लावता लावता बाबा म्हणाले, "आबा, नोराआजीचा जन्म आयर्लंडमधलाच ना?"

"रॉसकॉमन जिल्हा. खेडं होतं. का रे?"

"आजी किंवा आजोबा तिकडे जन्मलेले असले, तर नातवाला नागरिकत्व मिळतं. मी वाचलंय. आयरिश पासपोर्ट म्हणजे सगळं युरोप उघडं. मग ऑफिस राहो नाहीतर जळो."

आबांच्या हातातली सुरी लोण्यात तशीच राहिली. क्षणभरच. मग ते म्हणाले, "तुकडा घे अजून." आई कार्नेमेल्कचं खोकं दाबून चपटं करत होती, तिला ते दिसलं नाही. मला दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांना आयर्लंड चढलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही. एकेक साइट आधी फुकट म्हणायची, मग नाव दिसलं की ते धूसर करून खाली लिहायची, पूर्ण पाहायचं तर पैसे भरा. बाबा भरायचे. उघडावं तर कुठला तरी अमेरिकेतला जेरार्ड, त्याला नोरा नावाची मुलगीच नाही. बाबा जेरार्ड शोधत होते, कारण आमच्याकडे मधलं नाव बापाचंच असतं. मी रेवा मंदार, आबा सदानंद विष्णू, तशी नोरा जेरार्ड. यात शंका घ्यावी असं कोणाला वाटलंच नाही. माझ्यासारख्या संशयी बाईलासुद्धा नाही. आईला मात्र मुळातच हे पटत नव्हतं.

"पुरावा काय तुमच्याकडे? एक घड्याळ आणि एक पाव."

"डोळे बघ ना आबांचे! घारे. माझेही घारे. ते काय उगाच आलेत?"

"अहो, घाऱ्या डोळ्यांवर पासपोर्ट मिळायला लागला तर अर्धी सदाशिव पेठ आयर्लंडला जाईल!"

आबा यावर मोठ्यानं हसले. जरा जास्तच मोठ्यानं, असं मला वाटलं.

मग बाबांना एक तज्ज्ञ सापडला. तो लंडनहून बोलायचा, निदान तसं सांगायचा. वंशावळी काढून देतो, इतरांपेक्षा निम्म्या दरात. फोनवर त्यानं आधी बाबांनाच विचारलं, तुम्हाला काय काय माहीत आहे? बाबांनी भडाभडा सगळं सांगितलं. थोड्या दिवसांनी पाकीट आलं. जाड पिवळसर कागद, वरती सोनेरी नक्षी: नोरा, वडील जेरार्ड डोलन, जिल्हा रॉसकॉमन. बाबांचे डोळे भरून आले. आईनं कागद खिडकीपाशी नेला, उलटा केला, नखानं कोपरा खरवडला.

"तुम्ही सांगितलं तेच यानं जाड कागदावर लिहून पाठवलंय," ती म्हणाली. "नवीन एक अक्षर आहे का यात? आई कोण तिची? जन्मदिवस कुठाय? हवं तेच बरोब्बर मिळालं की समजावं, दुकानदारानं घरी बनवलंय."

बाबा चिडले, पण त्यांनाही ते लागलं असावं, कारण तो कागद पुन्हा कधी टेबलावर दिसला नाही. तरी त्यांनी हातपाय गाळले नाहीत. नोराची नोंद आज ना उद्या मिळेल. तोवर दुसरा कागद तयार ठेवू म्हणाले. आबांच्या काळचा जन्मदाखला कुठं नव्हताच. म्हणून प्रतिज्ञापत्र: मी सदानंद, नोरा ऊर्फ नर्मदा हिच्या पोटी माझा जन्म झाला, शपथेवर सांगतो. बाबांनी छापून आणलं आणि आबांच्या ताटाशेजारी ठेवलं.

आबा म्हणाले, चष्मा कुठं ठेवला बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हात थरथरतोय आज. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात कशाला असल्या सह्या, ते म्हणाले.

आई मला भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली, "आबांना वाटतंय, आपण परत यावं. एकटे पडलेत तिकडे. सही केली की आपण इथलेच झालो ना. बोलायचे नाहीत, पण करायचेही नाहीत." मला ते एकदम पटलं, आणि आबांचा इतका राग आला की त्यांनी केलेला पाव मी तीन दिवस खाल्ला नाही. ते रोज सकाळी मला विचारायचे, "रेवा, तुकडा ठेवू का गं?" मी डचमध्ये नको म्हणायची. त्यांना कळू नये म्हणून नव्हे, त्यांना टोचावं म्हणून.

पितृपक्षात आबांच्या वडिलांची तिथी आली. आबांनी पुण्यातले गुरुजी ऑनलाइन ठरवले होते. बाबा ऑफिसला गेलेले, आणि तसेही ते जवळ बसले नसते; ज्याचे वडील हयात आहेत त्यानं तर्पणाला बसायचं नसतं, हा आमच्यातला नियम. म्हणून पुण्यातही बाबांनी हे कधी ऐकलं नव्हतं. तेवढा वेळ ते शाळेत, नाहीतर गॅलरीत. मला त्या दिवशी उशिरा तास होता, तेव्हा टॅब्लेट धरायचं काम माझ्याकडे. कणकेच्या डब्याला तो टेकवला, समोर आबा पाटावर दक्षिणेला तोंड करून, म्हणजे आमच्याकडे हीटरकडे तोंड करून, उघड्या अंगानं, जानवं उजव्या खांद्यावर. ताम्हन, तीळ, पाणी. गुरुजी म्हणायचे आणि आबा अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडायचे.

नेटची बोंब. गुरुजी मधेच तोंड उघडं ठेवून थिजायचे, मग दोन वाक्यं एकदम यायची. "माता? मातेचं नाव काय म्हणालात?" स्क्रीनमधून आवाज आला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हीटरकडे बघत म्हणाले, "सुभद्रा."

"ऐकू येत नाही."

"सुभद्रा!" आबा ओरडले.

मी टॅब्लेट घट्ट धरला. सुभद्रा कोण? पाणी पडलं. पुढची नावं गेली. मग गुरुजी म्हणाले, "सापत्नमाता?" आणि आबा म्हणाले, "नर्मदा." सापत्न म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण सावत्र माहीत होतं, आणि दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत एवढं कळायला पंडित लागत नाही. शेवटी आप्तांची नावं आली. आबांनी सांगितलं, "जेरार्ड." गुरुजींनी सवयीनं गोत्र विचारलं. "ठाऊक नाही," आबा म्हणाले. "मग काश्यप म्हणा. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप," गुरुजी म्हणाले, आणि जेरार्ड डोलनला काश्यपगोत्री म्हणून तीळपाणी मिळालं. हे दर वर्षी असंच चालत आलं असणार, कारण दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आबांनी भाताचा गोळा बाल्कनीत ठेवला. इथले कावळे ठेंगणे, करड्या मानेचे. ते आले, खाऊन गेले. मी काही विचारलं नाही. सायकल काढली आणि शाळेत गेले. नोरा सावत्र असेल तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर ग्रोनिंगन नाही, आणि हे या घरात आबांखेरीज फक्त मला माहीत होतं.

त्याच दिवशी शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांची पूर्ण नावं तपासायला घेतली, प्रमाणपत्रावर चूक नको म्हणून. माझं नाव आलं तेव्हा मागून कोणीतरी खिदळलं. खेमेंतेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, बाबांचं नाव माझंच दुसरं नाव म्हणून लिहून टाकलं होतं. मी नेहमीसारखं सांगितलं, ते वडिलांचं नाव आहे. तेव्हा माझ्या बाकावरचा सांडर म्हणाला, "मग माझं ऐक. आलेक्झांडर हुबर्टस मारिया. माझ्या बापाचं नाव मारिया नाही." आम्ही कॅथलिक, दक्षिणेकडचे, तो म्हणाला, आमच्यात मुलाला मारिया आणि मुलीला कुठल्याही संताचं नाव चिकटवतात, आशीर्वाद म्हणून. सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या डोक्यात ते चांदीचं घड्याळ फिरायला लागलं होतं.

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता लायब्ररीत गेले; पासपोर्ट मिळो न मिळो, हा नवा संशय मला स्वस्थ बसू देईना. आधी जेरार्ड कोण ते पाहिलं. संत, आणि तोही बाळंतिणींची राखण करणारा. मग नोरा डोलन. एका पानावर लिहिलं होतं की आयर्लंडमधल्या शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मांच्या नोंदी सरकारनं फोटो काढून सगळ्यांना फुकट उघड्या ठेवल्यात. फुकट? माझा विश्वास बसेना. म्हटलं, आत सडकं असणार. कार्ड मागतील, नाव धूसर करतील. पण काहीच मागितलं नाही. जिल्ह्यात नोरा डोलन बऱ्याच निघाल्या. बापाचं नाव सोडून दिलं, आणि मग मला आबांचं एक बोलणं आठवलं. त्यांच्या आईचा वाढदिवस भोगीला यायचा, म्हणून त्या दिवशी घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सोड्याचा पाव दोन्ही असायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी जन्मलेली, त्या जिल्ह्यातली नोरा एकच होती. वडील मायकेल डोलन, शेतकरी. आई ब्रिजेट, माहेरची फीनी. माहिती देणारी आई, आणि तिच्या सहीच्या जागी शाईची फुली.

मी छापून घरी आणलं, आणि जेरार्ड बाप नव्हे, संत आहे, हे दारातच आई-बाबांना सांगितलं. बाबांनी ते वाचलं आणि मला उचलूनच घेतलं, सतरा वर्षांच्या घोडीला. आईनं कागद खिडकीपाशी नेला, खूप वेळ पाहिला, आणि पहिल्यांदाच म्हणाली, "हे खरं दिसतंय." एवढे पैसे ओतून जे मिळालं नव्हतं ते फुकट मिळालं, याचा तिला आनंद झाला की धक्का बसला ते मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी लगेच प्रतिज्ञापत्र काढलं आणि पेनाचं टोपण उघडून आबांपुढे धरलं. "आता फक्त ही एक सही, आबा."

आबांनी पेन घेतलं. खरंच घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ते माझ्याकडेच बघतायत, कारण मी ऐकलंय हे त्यांना माहीत होतं. मी गप्प बसले असते तर कदाचित त्यांनी सही केली असती, माझ्यासाठी. पण संशय पोटात ठेवून मला घास उतरत नाही. मी विचारलं, "आबा, सुभद्रा कोण?"

पेन खाली ठेवलं गेलं.

"माझी आई," आबा म्हणाले. "मला जन्म देताना गेली. दवाखान्यात, आणि नर्स नोरा होती. हात तिच्याच हातात होता शेवटी. मी तान्हा, बाप वेडापिसा, घरात बाईमाणूस नाही. नोरानं मला उचललं ते उचललंच. लग्न नंतरचं."

खाली कोणाची तरी सायकल पडली.

"मला तिनं कळू दिलं नसतं तर कळलंही नसतं," आबा सांगत होते. "मुंजीत मातृभोजनाला आम्ही एका ताटात बसलो, ती नि मी. मला घास भरवण्याआधी तिनं एक घास बाजूला पानावर ठेवला. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाली, तुझ्या आईचा. ती माझ्या आधीची. पहिला तिचा, मग माझा. मी रडलो, म्हटलं मला तूच हवीस. तर म्हणाली, मी आहेच की रे, कुठं जातेय? पण तिला कोण आहे तुझ्याशिवाय?"

"आबा," बाबा म्हणाले, "वाढवलं तिनंच ना? मग तीच आई."

"आहेच! शंका आहे का कोणाला? पण हा कागद म्हणतो, पोटी जन्म झाला. शपथेवर."

"कोणाला कळणार आहे? सगळे गेले."

"मला कळेल की. आणि दर वर्षी ज्या दोघींना पाणी देतो, त्यांना. सुभद्रेला पुसून नोराला पुढं केलं तर नोराच मला थोबाडीत मारील रे, मंदार."

आई इतका वेळ उभीच होती. ती खुर्ची ओढून बसली. "मला वाटलं, आम्ही परत यावं म्हणून तुम्ही टाळताय."

"यावं असं तर वाटतंच गं," आबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी नव्हे."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर या घरात ती माझी सावत्र आई झाली असती. तो शब्द मी तिला वर्षभर लागू देत नाही. फक्त पितरांपुढं लावतो, तिथं दुसरी जागाच नाही म्हणून."

बाबा उठून गॅलरीत गेले. मी रडत होते. माझं ग्रोनिंगन गेलं म्हणून रडत होते, त्याला काही उदात्त रंग देत नाही. आबांनी माझ्यापुढं पावाचा तुकडा सरकवला. मी खाल्ला. मग त्यांनी तो लायब्ररीतला कागद चष्मा लावून वाचायला घेतला. चष्मा खिशातच होता. बोट ब्रिजेटच्या फुलीवर ठेवलं, मग मायकेलवर.

"हे कोण? जेरार्ड कुठाय?"

मी सांगितलं: जेरार्ड बाप नव्हता, संत होता, बाळंतिणींचा. तिकडे असं मधलं नाव ठेवतात. "म्हणजे पन्नास-साठ वर्षं मी तिच्या बापाचं पाणी भलत्यालाच दिलं?"

"भलत्याला नाही," आई नाक पुसत म्हणाली. "संताला दिलंत. आणि बाळंतिणींच्या."

सर्वपित्री अमावास्या रविवारी आली. टॅब्लेट पुन्हा कणकेच्या डब्याला, आबा पुन्हा हीटरकडे तोंड करून. बाबा नियमाप्रमाणे बाहेर पॅसेजमध्ये, पण दार आईनं मुद्दाम उघडं ठेवलं होतं. माता सुभद्रा. सापत्नमाता म्हटल्यावर आबांचा आवाज खाली गेला, पण नाव स्पष्ट आलं, नर्मदा. बाहेर बाबांच्या चपलांची हालचाल थांबली. शेवटी आप्त आले. गुरुजी म्हणाले, "नेहमीचे, जेरार्ड?"

"त्यांनाही द्या," आबा म्हणाले. "इतकी वर्षं घेतायत, आता बंद केलं तर काय म्हणतील! पण आधी आजोबा. नोराचे वडील. नाव..." आणि त्यांना ते आठवेना. आयुष्यभर जेरार्ड बसलेली जीभ, नवं नाव तिच्यावर येईना. ओंजळीत पाणी तसंच. स्क्रीनवर गुरुजी थिजले होते, की थांबले होते, कोण जाणे. मी सांगणार, तेवढ्यात पॅसेजमधून आवाज आला.

"मायकेल," बाबा म्हणाले. "मायकेल, आबा. आणि तिची आई ब्रिजेट."

पुढच्या उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली आणि सोफा खिडकीतूनच खाली उतरला. आम्ही पुण्याला आलो. बाबा गेल्यापासून ते तर्पण मीच करते. बायकांनी करावं का, असं विचारणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. सुभद्रेला पहिलं, मग नर्मदेला. गुरुजी बदलले, हे नवे तरुण आहेत आणि माझ्याहून संशयी. पहिल्या वर्षी त्यांनी पळी थांबवून विचारलं, ताई, हे मायकेल तुमचे नक्की कोण? मी म्हटलं, पणजीचे वडील. गोत्र काश्यप. सोडा पाणी.